‘चिनी मना’ची कैफियत

१९७० च्या डिसेंबरात पीकिंग येथे माओ त्से-तुंग यांनी एडगर स्नो या अमेरिकन पत्रकाराशी जे दीर्घ संभाषण केले, त्याचा वृत्तान्त पुढील वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यातील एका वाक्याने पाश्चात्त्य वाचकांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. आपण कोण, तर हाती गळकी छत्री घेऊन जगाच्या वाटेने एकटाच चाललेला एक भिक्षू, अशा आशयाचे उद्गार माओंनी पाहुण्याला दारापर्यंत पोचविताना काढले, असे स्नो यांनी लिहिले होते. आणि ज्याच्या शब्दासरशी कोट्यवधी माणसे ऊठबस करीत, त्या सत्ताधीशाच्या मुखातून वार्धक्यात असा विरक्तीचा सूर निघावा, या गोष्टीवर पुढे कितीतरी भाष्यकारांनी आपापल्या प्रतिभेच्या मगदुराप्रमाणे निरूपणे केली. वस्तुस्थिती अशी की, माओंनी छत्रीला गळती लावली नव्हती आणि भिक्षूला एकाकीही केले नव्हते. त्यांनी बोलीतील एक सर्वपरिचित, खट्याळ म्हण स्वतःला लावून घेतली होती. ‘छत्री धरलेला भिक्षू’ हा त्या म्हणीचा पूर्वार्ध, आणि ‘वू फा, वू थ्येन’ हा उत्तरार्ध. भिक्षूचे डोके तुळतुळीत, सबब केस नाहीत. डोक्यावर छत्री, सबब आकाश दिसत नाही. परंतु केसांचा ‘फा’ आणि कायद्याचा ‘फा’ यांत अंतर आहे ते केवळ सुराचे, आणि आकाशवाचक ‘थ्येन’ हाच शब्द चिनी परंपरेत ईश्वरी सत्तेचाही वाचक आहे. म्हणून ‘ना केस, ना आकाश’ याचा अर्थ होतो ‘ना कायद्याची तमा, ना देवाची’. वैराग्याची कबुली म्हणून जी जगाच्या दप्तरात दाखल झाली, ती वास्तविक बेमुर्वतपणाची बढाई होती.

दोष दुभाष्याच्या माथी मारून हा मामला निकालात काढता येईल; पण मला त्यात दुभाष्याच्या चुकीहून मोठी एक गोष्ट दिसते. तो भिक्षू, ती छत्री, तो वाटेवरचा एकांत, हे सारे चित्र ज्याला दिसले तो परका होता. ज्याने ती म्हण बालपणापासून शेकडो वेळा ऐकली आहे, त्या चिनी श्रोत्याच्या मनात भिक्षू उभा राहण्यापूर्वीच अर्थ येऊन पोचलेला असतो. चिनी भाषेत अशा द्विदल म्हणींचा एक प्रचंड साठा आहे. त्यांना ‘श्ये-होउ-यू’ म्हणतात, आणि पुष्कळदा बोलणारा पूर्वार्ध उच्चारून थांबतो, उरलेले ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असते. ‘मातीचा बोधिसत्त्व नदी ओलांडतो आहे’ एवढे म्हटले की, त्याला स्वतःचाच जीव वाचविणे कठीण, तो तुमचे काय रक्षण करणार, हे सांगावे लागत नाही. ‘कुत्रा उंदीर धरतो आहे’ म्हटले की नसती उठाठेव हा अर्थ निघतो. आपणही ‘नाचता येईना’ एवढे बोलून थांबतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनातले अंगण आपोआप वाकडे होते. त्याकरिता त्याला कोणतीही नर्तकी किंवा कोणतेही शेणाने सारवलेले अंगण डोळ्यांपुढे आणावे लागत नाही.

ही साधी गोष्ट चिनी भाषेविषयी बोलताना मात्र शहाणीसुरती माणसेही विसरतात. चिनी मनुष्य म्हणे चित्रांनी विचार करतो. त्याची लिपी चित्रमय, त्याचे शब्द रूपकमय, म्हणून त्याचे मनही प्रतिमांच्या साखळीने चालते, असा एक समज गेली शंभराहून अधिक वर्षे सुखेनैव नांदतो आहे. त्याची सनद शोधू गेल्यास ती अर्नेस्ट फेनोलोसा या अमेरिकन कलापंडिताच्या निबंधात सापडते. फेनोलोसा १९०८ साली वारला, त्याचे कागद एझ्रा पाउंड या कवीच्या हाती आले, आणि पाउंडने संस्कार करून तो निबंध १९१९ मध्ये छापला. चिनी अक्षर म्हणजे निसर्गातील क्रियेचे जिवंत रेखाचित्र, आणि चिनी वाचक त्यातील रूपक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहत असतो, हा त्या निबंधाचा गाभा. इंग्रजी काव्याला या भ्रमाने नवे वळण लागले हे मान्य केलेच पाहिजे, आणि फलदायी भ्रमांविषयी साहित्यिकाने फार कठोर होऊ नये हेही खरे. पण काव्यात जे खपते ते मानसशास्त्रात खपत नाही, आणि राजकारणात तर ते धोक्याचे ठरते.

‘संकट’ या अर्थी असलेल्या ‘वेइ-ची’ या चिनी शब्दात ‘धोका’ आणि ‘संधी’ अशी दोन अक्षरे आहेत, हे वाक्य आपल्याकडे व्यवस्थापनाच्या शिबिरांतून आणि दीक्षान्त भाषणांतून इतक्या वेळा ऐकू येते की, त्याचा उगम चीनमध्येच झाला असावा असे वाटू लागते. त्याचा जगभर प्रसार होण्यास जॉन केनेडी यांची १९५९ मधील भाषणे बरीचशी कारण झाली. प्रत्यक्षात ‘वेइ-ची’मधील ‘ची’चा अर्थ ‘संधी’ नव्हे. तो ‘कलाटणीचा क्षण, नाजूक वेळ’ याच्या जवळचा आहे. संधी म्हणायची झाल्यास त्याच ‘ची’ला दुसरे अक्षर जोडून ‘ची-ह्वेइ’ असा निराळाच शब्द करावा लागतो. विमानाच्या चिनी नावातही हेच ‘ची’ अक्षर येते, पण तेवढ्यावरून विमान म्हणजे उडती संधी असे प्रतिपादन अजून कोणी केलेले ऐकिवात नाही. आणि आपल्या सरहद्दीवर काही खट्ट झाले की, दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखांत सून त्झू आणि ‘वेइ-छी’ या चिनी बैठ्या खेळाचा पट यांच्या आधारे ‘चिनी मना’चे जे निदान करण्यात येते, ते याच जातीचे असते.

आता लिपीचाच दाखला जवळून पाहू. हृदयाला चिनीत ‘शिन्’ म्हणतात, आणि त्याचे अक्षर शेकडो अन्य अक्षरांचा एक घटक होऊन बसले आहे. इसवी सनाच्या १०० च्या सुमारास शू शेन याने जो थोर कोश रचला, त्यात ९३५३ अक्षरांची ५४० घटकांखाली वर्गवारी केली होती, आणि ‘शिन्’ हा त्यांपैकी एक. वर ‘शरद ऋतू’ आणि खाली ‘हृदय’ लिहिले की ‘छोउ’, म्हणजे विषाद. दोन दारांच्या मध्ये ‘हृदय’ लिहिले की ‘मन्’, म्हणजे घुसमट, उदासी (आपल्या ‘मना’शी त्याचा उच्चार जुळतो, पण तो निव्वळ योगायोग). किती सुंदर, असे आपल्या तोंडून निघून जाते. पण शरद ऋतूला चिनीत म्हणतात ‘छ्यू’, आणि दाराला म्हणतात ‘मन्’. म्हणजे ही जी चित्रे आपण काव्य म्हणून वाचली, ती मुख्यतः उच्चार सुचविण्याकरिता तेथे नेमलेली आहेत. चिनी अक्षरांपैकी दहांत आठांहून अधिक अक्षरे अशीच, अर्थसूचक आणि ध्वनिसूचक अशा दोन अंशांच्या संयोगाने घडलेली आहेत. ‘नष्ट होणे’ याचे अक्षर हृदयाच्या डोक्यावर ठेवले तर ‘विसरणे’ होते, आणि त्याच हृदयाच्या शेजारी ठेवले तर ‘कामात गुंतलेला’ होते. विसरण्यात हृदयातून काही नष्ट होते खरे. पण कामात गुंतलेल्या माणसाचे हृदय नष्ट झालेले असते, हा निष्कर्ष एखाद्या वैतागलेल्या कारकुनाखेरीज कोणी काढील असे वाटत नाही. चिनी मूल या दोन्ही अक्षरांची गिरवणी करते, आणि पुढे जन्मभर त्यांतून अर्थ वाचते, चित्र वाचत नाही. अर्थसूचक अंश वाचनाच्या क्षणी अगदीच निष्क्रिय असतो असे मात्र नव्हे. अक्षर ओळखण्यास त्याचे साहाय्य होते, हे प्रयोगांनी दिसले आहे. पण ओळख पटविण्यास साहाय्य होणे निराळे, आणि रूपकाची अनुभूती येणे निराळे.

या मुद्द्यावर आपल्याच साहित्यशास्त्रात एक झकास तक्रार रुजू झालेली आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेची, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून दुसरा अर्थ घेण्याची, दोन कारणे सांगितली, रूढी आणि प्रयोजन; आणि रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला. कुश नावाचे धारदार गवत हात न कापता खुडून आणणारा तो कुशल, आणि त्यावरून लक्षणेने कोणत्याही कामात निपुण असलेला तो कुशल. चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने यावर हरकत घेतली : शब्द कशापासून झाला हे एक, आणि शब्द कशाकरिता वापरला जातो हे दुसरे, व्युत्पत्तीचे निमित्त आणि प्रवृत्तीचे निमित्त यांची गल्लत करू नका. ‘कुशल’ म्हणताना कोणाच्याही मनात गवत येत नाही, निपुण हाच त्याचा मुख्यार्थ. आणि व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानायचे तर ‘गो’ हा शब्द गमनार्थक धातूपासून झालेला असल्यामुळे, गाय निजली आहे असे म्हणतानासुद्धा लक्षणा मानावी लागेल! फेनोलोसाने जर विश्वनाथाची ही एक कोटी वाचली असती, तर इंग्रजी काव्याचे थोडे नुकसान झाले असते आणि चिनी माणसाविषयीच्या बाष्कळपणाला पुष्कळ आळा बसला असता.

मौज अशी की, मम्मटाने रूढी आणि प्रयोजन यांत जी सीमारेषा आखली, तीच रेषा आजच्या प्रयोगशाळांतून, निराळ्या साधनांनी आणि निराळ्या परिभाषेत, पुन्हा उमटू लागली आहे. १९८० साली मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी असे दाखविले की, वाक्य वाचताना एखादा शब्द अर्थाच्या दृष्टीने विसंगत आला, म्हणजे पावावर लोण्याऐवजी मोजे फासल्याचे वाचनात आले, की सुमारे ४०० सहस्रांश सेकंदांनी मेंदूच्या विद्युत्लहरीत एक ऋण खळगा पडतो. त्याला ‘एन-४००’ हे नाव मिळाले. रूपकांचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती यामुळे एक मोजपट्टीच आली, कारण रूपक हेही एका परीने विसंगत विधानच, फक्त सुखरूप पार पडलेले. या मोजपट्टीने पाहता सरळ विधान आणि रूपक यांच्यामधील अंतर सर्व रूपकांच्या बाबतीत सारखे नसते. झिजलेले रूपक सरळ विधानाच्या अगदी निकट येते. नवे रूपक मात्र मेंदूकडून जादा श्रम वसूल करते.

चिनी भाषेपुरते बोलायचे तर तैवानमध्ये काम केलेल्या कॅथलीन अहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे विशेष महत्त्वाचा वाटतो. चुंबकीय प्रतिमायंत्रात निजलेल्या वाचकांना त्यांनी मँडरिनमधील तीन प्रकारची वाक्ये वाचावयास दिली : सरळ, रूढ रूपकाची, आणि ज्यांतील रूपक रूढ चाकोरीत बसत नाही अशी. रूढ रूपके वाचताना मेंदूत जी हालचाल दिसली ती सरळ वाक्यांहून किंचितच वेगळी, उजव्या गोलार्धातील एका लहानशा भागापुरती होती. चाकोरीबाहेरच्या रूपकांनी मात्र दोन्ही गोलार्धांतील ललाटीय आणि शंखीय भागांना कामाला लावले. रूपक हा मेंदूच्या उजव्या अर्ध्याचा प्रांत, असे जे १९७० नंतरच्या काळात पुष्कळ रुग्णांच्या अभ्यासावरून मानले जाऊ लागले होते, आणि त्यात चिनी लिपी चित्रमय असल्याची पुस्ती जोडून चिनी माणूस ‘उजव्या मेंदूचा’ अशी जी लोकप्रिय बतावणी केली जाते, तिला या निष्कर्षात फारसा आधार नाही. येथे मेंदूने फरक केला तो रूढ आणि अरूढ यांत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, चिनी रूपकांचा अभ्यास आपल्याला चिनी मनाविषयी जितके सांगतो, त्याहून कितीतरी अधिक मनुष्याच्या मनाविषयी सांगतो. आणि जे चिनी म्हणून आपल्याला चकित करते, ते बहुतेक वेळा आपल्या परकेपणाचे माप असते. यावर एक सबळ आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो आक्षेप काळाविषयीचा आहे.

मँडरिनमध्ये गेल्या महिन्याला ‘शांग ग युए’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘वरचा महिना’, आणि येत्या महिन्याला ‘श्या ग युए’, म्हणजे ‘खालचा महिना’. लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञ विदुषीने २००१ साली असा दावा मांडला की, या शब्दयोजनेमुळे मँडरिन भाषक काळाकडे उभ्या रेषेप्रमाणे पाहतो, आणि इंग्रजी भाषक आडव्या रेषेप्रमाणे. प्रयोगाची रचना चतुर होती. आधी पडद्यावर दोन वस्तू आडव्या किंवा उभ्या मांडून त्यांच्याविषयी एखादे विधान खरे की खोटे ते विचारायचे, आणि लगेच मार्च महिना एप्रिलच्या आधी येतो की नाही, असा बाळबोध प्रश्न टाकायचा. प्रश्न इंग्रजीत असूनही, उभी मांडणी पाहिल्यानंतर मँडरिन भाषकांचे उत्तर अधिक जलद आले. आणि ज्याने इंग्रजी जितक्या उशिरा शिकावयास घेतली, त्याच्यात हा कल तितका अधिक आढळला. वृत्तपत्रांना आणि पाठ्यपुस्तकांना हा निष्कर्ष फारच आवडला. ज्या गोष्टीवर आपला आधीपासून विश्वास असतो तिला शास्त्राची मोहोर मिळाली की, माणसाला स्वतः शहाणे असल्याचा आनंद होतो.

मग २००७ साली या फैसल्याविरुद्ध दोन अपिले दाखल झाली. तैवानमधील जेन्-यू चेन यांनी प्रत्यक्ष चिनी बातम्यांतील भाषा तपासली, तेव्हा काळासाठी उभ्यापेक्षा आडवे शब्दच अधिक येतात असे आढळले. आणि बोरोडित्स्की यांचा परिणाम त्यांच्या प्रयोगांत पुन्हा मिळेना. डेव्हिड जॅन्युअरी आणि एडवर्ड काको यांनी इंग्रजी भाषकांवर सहा वेळा प्रयत्न केला आणि सहाही वेळा हात हलवीत परत यावे लागले. बोरोडित्स्की यांनीही हार मानली नाही. २०११ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतच बदलली : घटनांची चित्रे दाखवायची, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ यांच्या कळा कधी आडव्या तर कधी वरखाली मांडून उत्तराचा वेग मोजायचा. ‘आधी’ची कळ वर असताना मँडरिन भाषक खरोखरच अधिक चपळ ठरले. म्हणजे खटला अगदीच बिनबुडाचा होता असे म्हणता येत नाही.

पण शेवटी सिद्ध झाले ते काय? काही सहस्रांश सेकंदांचा एक कल; आणि त्या कलाचा उगम भाषेतील रूपकात किती आणि डोळ्यांच्या सवयीत किती, याची वाटणी करणेही सोपे नाही. चिनी मजकूर शतकानुशतके वरून खाली लिहिला जात होता. साम्यवादी राजवटीचे मुखपत्र असलेले ‘पीपल्स डेली’ आडव्या ओळींवर आले ते १९५६ च्या आरंभी, आणि तैवानात उभी छपाई पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. शिवाय त्याच मँडरिनमध्ये आडवी रूपकेही आहेत, आणि ती आपल्या कल्पनेच्या उलट दिशेची. ‘छ्येन’ म्हणजे समोर, ‘होउ’ म्हणजे पाठीमागे. पण ‘छ्येन थ्येन’ म्हणजे होऊन गेलेला परवाचा दिवस, आणि ‘होउ थ्येन’ म्हणजे येणारा परवाचा दिवस. यावरून चिनी माणूस भूतकाळाकडे तोंड करून आणि भविष्याकडे पाठ करून उभा आहे, पूर्वजपूजेचे रहस्य येथेच आहे, असे प्रबंध लिहिता येतील, किंबहुना तशा थाटाचे लिहिलेही गेले आहे. तसे असेल तर आपली अवस्था अधिकच बिकट म्हणावी लागेल. आपण ‘पुढे’ म्हणतो तेव्हा भविष्य समोर असते. ‘पूर्वी’ म्हणतो तेव्हा, ‘पूर्व’ याचा मूळ अर्थ समोरचा असल्यामुळे, भूतकाळ समोर येतो. अर्जात ‘वर नमूद केल्याप्रमाणे’ लिहितो तेव्हा आधीचे ते वर जाते. आणि ‘परवा’ हा शब्द उच्चारून तर आपण दोन्ही दिशांना एकदमच हात करतो. एवढे असूनही कोणाही मराठी माणसाची गाडी या कारणाने चुकल्याचे ऐकिवात नाही.

अशा निष्कर्षांच्या घाईला एक जुने उदाहरण आहे, आणि ते आजच्या संशोधकांनी मेजावर लावून ठेवण्यासारखे आहे. १९८१ साली आल्फ्रेड ब्लूम यांनी लिहिले की, ‘असे झाले असते तर तसे झाले असते’ या धर्तीच्या संकेतार्थी रचनेसाठी चिनी भाषेत खास व्याकरणिक चिन्ह नसल्याने, चिनी भाषकांना वास्तवाविरुद्धची कल्पना पेलणे जड जाते. आणि चिनी वाचकांना गोष्टी वाचावयास देऊन त्यांनी तसा पुरावाही सादर केला. दोन वर्षांनी टेरी औ यांनी त्या गोष्टी तपासल्या, तर त्यांतील चिनी भाषाच अवघडलेली, इंग्रजीच्या वळणाची निघाली. त्याच कथा अस्सल चिनी वळणाने लिहून दिल्याबरोबर शाळकरी मुलांनाही त्या कळल्या. ब्लूम यांनी चिनी मनाची मर्यादा म्हणून जी मोजली, ती बव्हंशी भाषांतराची मर्यादा होती.

मग चिनी रूपकांत आणि इतरांच्या रूपकांत अंतर नाहीच का? आहे, आणि ते जेथे आहे तेथे पाहिले तर फार उद्बोधक आहे. मूळचे चिनी असलेले भाषाशास्त्रज्ञ निंग यू यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, राग म्हणजे उष्णता हे समीकरण इंग्रजीप्रमाणे चिनीतही आहे. पण इंग्रजीत जेथे भांड्यातला द्रव उकळतो, तेथे चिनीत वायू कोंडतो. रागावणे याला चिनी शब्दच ‘शंग-छी’, म्हणजे ‘छी’ उत्पन्न होणे; आणि छी हे देहात संचरणारे वायुरूप तत्त्व चिनी वैद्यकाचा कणा आहे. चिनी माणसाचे धैर्य पित्ताशयात राहते : ज्याचे पित्ताशय मोठे तो शूर, ज्याचे लहान तो भित्रा. आपल्याकडे पित्त खवळते ते रागाने, आणि धैर्य असते ते छातीत किंवा काळजात. रागाने अंग तापते हा अनुभव सर्व देहांचा. त्या तापाला द्रव म्हणावे की वायू, आणि शौर्याची नेमणूक कोणत्या अवयवावर करावी, हे मात्र ज्या त्या देशाच्या वैद्यांनी ठरविले, आणि वैद्यांचा अंमल भाषेवर राजांहून अधिक काळ टिकतो.

तीच गोष्ट ‘शिन्’ची. मेन्शियस या प्राचीन तत्त्वज्ञाच्या काळापासून चिनी परंपरेने विचार करण्याचे काम हृदयाकडेच सोपविले आहे. भावना हृदयात आणि बुद्धी मस्तकात अशी युरोपीय फाळणी तेथे झाली नाही. बौद्ध ग्रंथ भारतातून चीनमध्ये गेले तेव्हा भाषांतरकारांनी आपल्या ‘चित्ता’लाही शिन् म्हटले आणि ‘हृदया’लाही शिन् म्हटले, ह्युएन त्संगाने केलेल्या ‘प्रज्ञापारमिताहृदया’च्या भाषांतरात हे दोन्ही प्रयोग एकाच छोट्या सूत्रात सापडतात. संस्कृतात जे दोन शब्द होते त्यांचा एक झाल्याने चिनी बौद्धांना चित्त कळले नाही, असे म्हणण्याचे धाडस मला वाटते कोणीही करणार नाही.

या अंतराची झळ जेथे प्रत्यक्ष पोचते ती जागा म्हणजे दवाखाना. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोवैद्याने १९८० मध्ये हुनान प्रांतातील वैद्यकीय महाविद्यालयात ‘न्यूरॅस्थेनिया’, म्हणजे मज्जादौर्बल्य, असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले, आणि अमेरिकन निकषांनी त्यांतील ८७ जणांना तीव्र विषादरोग असल्याचे त्याला आढळले. रुग्णांच्या तक्रारी डोकेदुखीच्या, निद्रानाशाच्या, चक्कर येण्याच्या. दुःखाचा उच्चार विचारल्याखेरीज क्वचित. चिनी माणूस मनाचे दुःख शरीरावर ढकलतो, असा शेरा यावरून मारला गेला. पण ‘छातीत घुसमटते’ असे म्हणताना जो ‘मन्’ शब्द चिनी रुग्ण वापरतो, तो फुप्फुसाची तक्रार आहे की जीवाची, हे बोलणाऱ्यानेच वेगळे केलेले नसते. आपल्याकडेही जीव घाबरा होतो किंवा डोके जड झाले आहे असे सांगणारी बाई डॉक्टरला रूपक सांगत असते की लक्षण, हे तिला विचारून कळणार नाही. क्लाइनमन यांचे श्रेय हे की, त्यांनी रुग्णांना अडाणी ठरविले नाही. ज्या काळात मनोविकार हा राजकीय संशयाचा विषय होऊ शकत होता, त्या काळात देहाची भाषा बोलण्यात केवढे व्यवहारज्ञान होते, हे त्यांनी समजून घेतले. रूपकाचा अर्थ येथे मेंदूइतकाच परिस्थितीतही शोधावा लागला.

तेव्हा ‘चिनी मन’ या शब्दप्रयोगाला निदान अग्रलेखांतून काही वर्षे रजा द्यावी, अशी माझी सूचना आहे, आणि तिच्या जोडीला दुसरी, अधिक विधायक. चिनी, इंग्रजी, जर्मन, हिब्रू या भाषांतील रूपकांवर मेंदूचे प्रयोग झाले. मराठीसारख्या, संतांपासून शाहिरांपर्यंत लक्षणेवर पोसलेल्या भाषेत असे काम जोमाने व्हावयास हवे. त्याकरिता प्रत्येक वेळी कोट्यवधींचे यंत्र लागते असेही नाही; विद्युत्लहरी टिपणारी टोपी प्रतिमायंत्राच्या मानाने पुष्कळच स्वस्त असते. पहिला प्रयोग मम्मट विरुद्ध विश्वनाथ असाच करावा : ‘कुशल’, ‘प्रवीण’, ‘उदार’ यांसारखे व्युत्पत्ती पोटात दडवलेले शब्द एका बाजूला, पित्त खवळण्यासारखे रूढ प्रयोग दुसऱ्या बाजूला, आणि एखाद्या नवकवीने कालच जुळविलेले रूपक तिसऱ्या बाजूला, वाचक संस्कृत शिकलेले आणि न शिकलेले असे दोन्ही प्रकारचे घ्यावेत. वाक्ये मात्र इंग्रजीतून उतरवून घेऊ नयेत, ती दिवसभर मराठी बोलणाऱ्या माणसांकडून लिहवून घ्यावीत, आणि प्रयोगाआधी ती एखाद्या चोखंदळ मुद्रितशोधकाच्या नजरेखालून घालावीत, म्हणजे औ बाईंसारख्या कोणाला दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला बसावे लागणार नाही.